परदेशातला ग्लोबल हेल्थचा समर कोर्स आणि फील्ड प्लेसमेंट: सोलापुरातून निघताना कोणतं काम आधी, कोणतं नंतर

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये त्याच अडचणी घेऊन मुलंमुली येतात. प्रवेशाचं पत्र आलंय, फी भरलीय, पण कॉलेज एनओसी द्यायला तयार नाही. विमानाचं तिकीट काढलंय, पण व्हिसाची तारीख मिळत नाही. एखादीला निघायच्या आठवड्यात कळतं की पिवळ्या तापाची लस दहा दिवस आधी घ्यायला हवी होती. या मुलांमध्ये हुशारी कमी नसते, इंग्रजीही कामापुरतं असतं. चुकतो तो कामांचा क्रम. शेवटी करायचं काम ती आधी करतात आणि आधी करायचं काम शेवटावर ढकलतात.

हा लेख एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, एमएसडब्ल्यू किंवा संख्याशास्त्र शिकणाऱ्या, आणि दोन ते दहा आठवड्यांसाठी परदेशी जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पूर्णवेळ एमपीएचसाठी (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीसाठी) जाणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे, तो इथे घेतलेला नाही.

एक फरक सुरुवातीलाच पक्का करून घ्या. समर कोर्स म्हणजे वर्गातलं शिक्षण: साथरोगशास्त्र, आरोग्य धोरण, आरोग्याचं अर्थशास्त्र, संशोधन पद्धती. फील्ड प्लेसमेंट म्हणजे एखाद्या दवाखान्यात, संस्थेत किंवा गावपातळीवरच्या कार्यक्रमात देखरेखीखाली केलेलं काम. दोन्हींचे व्हिसा, विमा आणि परवानग्या वेगळ्या असतात. काही कार्यक्रमांत पहिले दोन आठवडे युरोपात वर्ग आणि पुढचे चार आठवडे आफ्रिकेत किंवा आशियात फील्ड असतं. मग कागदपत्रांचे दोन स्वतंत्र संच लागतात.

## टप्पा १: कॅलेंडर आणि कॉलेजची लेखी परवानगी

आपली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मे. युरोप-अमेरिकेतले समर कोर्स जून ते ऑगस्ट. त्या काळात सोलापुरात कॉलेज जोरात चालू असतं, पोस्टिंग असतात, इंटर्नल असतात. हा एवढा साधा मेळ न घातल्यामुळे जितकी मुलं अडकतात, तितकी दुसऱ्या कशामुळेही अडकत नाहीत.

एमबीबीएसला थिअरीत ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलमध्ये ८० टक्के हजेरी लागते. सहा आठवडे बाहेर राहिल्यावर ती किती उरेल, हे कागदावर मांडा. सध्याच्या अभ्यासक्रमात इलेक्टिव्हसाठी वेगळा काळ राखलेला आहे. तो परदेशात घालवायला तुमचं कॉलेज मान्यता देईल का, हे डीन ऑफिसला अर्ज करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. एमएसडब्ल्यूवाल्यांनी फील्डवर्कचे तास धरले जातील का, हे विभागप्रमुखांकडून लिहून घ्यावं. इंटर्नशिपमध्ये मोजकीच रजा असते. तिच्यावर विसंबून लांबचा कार्यक्रम आखू नका.

अर्ज असा करा: कार्यक्रमाचं नाव, तारखा, बुडणारे दिवस, ते भरून काढायची तुमची योजना. सोबत गाइड म्हणून एका शिक्षकाची सही. पीएसएमचे (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचे) शिक्षक यात सगळ्यात उपयोगी पडतात, कारण विषय त्यांचाच आहे. वैद्यकीय, नर्सिंग आणि फिजिओथेरपीवाल्यांचं विद्यापीठ नाशिकचं, आणि बाकी बऱ्याच जणांचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. ट्रान्सक्रिप्ट कुठून मिळणार ते त्यावर ठरतं. नाशिकहून कागद यायला वेळ लागतो. त्याचा अर्ज याच टप्प्यात टाकून द्या.

तपासा: एनओसीवर तारखा, पदनाम, शिक्का आणि जावक क्रमांक आहे का? “विद्यार्थी परत येऊन अभ्यासक्रम पूर्ण करणार आहे” असं वाक्य आहे का? व्हिसा अधिकारी नेमकं हेच वाक्य शोधतो.

## टप्पा २: पासपोर्ट आणि नावाचा घोळ

पासपोर्ट नसेल तर कोर्सची यादी करण्याआधी त्याचा अर्ज करा. सोलापूर पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतं. अर्ज आणि अपॉइंटमेंट ऑनलाइन होते. पोलिस पडताळणीच्या वेळी दिलेल्या पत्त्यावर तुम्ही सापडायला हवं. पुण्यात होस्टेलवर राहत असाल आणि पत्ता अक्कलकोटचा दिला असेल, तर तेवढे दिवस गावी राहायची तयारी ठेवा.

खरा घोळ नावात होतो. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा. कॉलेजच्या बोनाफाईडवर वडिलांच्या नावाऐवजी नुसतं एक अक्षर. सोलापूरच्या पूर्वभागातल्या अनेक तेलुगू घरांत आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आजोबांचं एक, वडिलांचं दुसरं आणि मुलाचं तिसरं असतं. सगळे कागद एका रांगेत ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. जुळत नसेल तर आधी दुरुस्ती, मग अर्ज. पासपोर्टवर जे नाव आहे, तेच पुढे कोर्सच्या फॉर्मवर, तिकिटावर, विम्यावर आणि लसीच्या कार्डावर जायला हवं.

शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, तिथून निघाल्यानंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. आफ्रिका-आशियातले बरेच देश सहा महिन्यांची वैधता मागतात. त्यामुळे सहा महिने धरूनच चला.

## टप्पा ३: आधी आपलं फील्ड बघा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मुलाखतीत तिथेच अडकतात. “तुमच्या भागातल्या आरोग्याच्या एखाद्या प्रश्नाबद्दल सांगा” असं विचारलं की उत्तर “भारतात गरिबी आहे, लोकसंख्या जास्त आहे” असं येतं. हे उत्तर कुठलाही विद्यार्थी कुठूनही देऊ शकतो, म्हणून निवड समितीला त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

सोलापुरात राहून तुमच्यापाशी काय काय आहे ते पाहा. घरी बसून विड्या वळणाऱ्या हजारो बाया, त्यांचा तंबाखूच्या धुळीशी रोजचा संबंध, आणि त्याच खोलीत वाढणारी मुलं. यंत्रमागाचा आवाज आणि कापसाची धूळ. आषाढीला पंढरपुरात लाखोंची गर्दी, तिथलं पाणी, शौचालयं, उष्माघात आणि वारीच्या वाटेवरची आरोग्य पथकं. एवढ्या मोठ्या जमावाचं आरोग्य सांभाळणं हा जगभर शिकवला जाणारा विषय आहे आणि तो तुमच्या जिल्ह्यात दरवर्षी प्रत्यक्ष घडतो. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या, त्यांच्या गरोदर बायकांच्या चुकणाऱ्या तपासण्या आणि मुलांचं अर्धवट राहिलेलं लसीकरण. मे महिन्यात चाळिशी ओलांडणारं तापमान आणि त्यात उघड्यावर काम करणारी माणसं.

निघण्याच्या आदल्या हिवाळ्यात निदान तीन-चार आठवडे हे करा:

- एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याचं एक उपकेंद्र नीट समजून घ्या. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी काढून ओपीडी, लसीकरणाचा दिवस आणि औषधांचं स्टॉक रजिस्टर बघा. सिस्टर आणि आशाताईंबरोबर गृहभेटींना जा.
- राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं (२०१९-२१) सोलापूर जिल्ह्याचं तथ्यपत्रक उतरवून घ्या. रक्तक्षय, संस्थेतली बाळंतपणं, मुलांची वाढ यांचे आकडे स्वतःच्या वहीत लिहा आणि गावात जे दिसलं त्याच्याशी ताडून बघा.
- एपी इन्फो किंवा ओपनएपी (साथरोगांच्या आकडेवारीसाठी), आणि कोबो टूलबॉक्स (फोनवर माहिती गोळा करण्यासाठी) हाताळायला शिका. तिन्ही विनामूल्य आहेत. वीस प्रश्नांची प्रश्नावली फोनवर बसवता आली, तर फील्डवर पहिल्या दिवसापासून तुमचा उपयोग होतो.
- जमलं तर जामखेडला जाऊन या. तिथल्या समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पात, जो १९७० साली सुरू झाला, परदेशातले विद्यार्थी ग्लोबल हेल्थ शिकायला येतात. आपल्याला तो बार्शीमार्गे जवळ आहे. परदेशी विद्यार्थी गावात येतो तेव्हा गावाला काय वाटतं, त्याच्या कोणत्या वागण्याचा त्रास होतो, हे तिथल्या ग्रामीण आरोग्य कार्यकर्त्या बायकांकडून ऐका. काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाच्या गावात तुम्हीच तो परदेशी विद्यार्थी असणार आहात.

एमबीबीएसवाल्यांनी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शॉर्ट टर्म स्टुडंटशिपचाही विचार करावा. छोटा का होईना, प्रस्ताव लिहून, नैतिकता समितीपुढे नेऊन पूर्ण केलेला अभ्यास नावावर असला की अर्जाला वजन येतं.

## टप्पा ४: कार्यक्रम निवडणं आणि त्याची खरीखोटी पारख

कोर्ससाठी पाहण्यासारखी काही ठिकाणं: लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनचे अल्पमुदतीचे कोर्स, जॉन्स हॉपकिन्सच्या ब्लूमबर्ग स्कूलच्या समर इन्स्टिट्यूट, स्विस स्कूल ऑफ पब्लिक हेल्थची लुगानोतली समर स्कूल, बाझेलची स्विस टीपीएच, अँटवर्पची ट्रॉपिकल मेडिसिन संस्था, हायडेलबर्गची ग्लोबल हेल्थ संस्था. यातल्या काही संस्था ट्रॉपएड या जाळ्यात आहेत, त्यामुळे एका ठिकाणची क्रेडिट दुसरीकडे धरली जाऊ शकतात. मात्र यातले बरेच कोर्स पदवीधरांसाठी किंवा काम करणाऱ्यांसाठी असतात. पात्रतेची ओळ नीट वाचल्याशिवाय अर्जाची फी भरू नका.

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातला आणि भरवशाचा मार्ग म्हणजे आयएफएमएसए या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा एक्स्चेंज. भारतातली त्याची सदस्य संघटना एमएसएआय. त्यात दवाखान्यातला एक्स्चेंज आणि संशोधनाचा एक्स्चेंज असे दोन प्रकार असतात, कालावधी साधारण चार आठवडे. अर्ज बरेच महिने आधी होतात आणि कॉलेजमध्ये स्थानिक समिती असेल तर सोपं जातं.

मग येतात पैसे घेऊन फील्ड प्लेसमेंट लावून देणाऱ्या संस्था. यात चांगल्याही आहेत, आणि फोटो काढायची सोय एवढंच विकणाऱ्याही आहेत. पैसे भरण्याआधी ईमेलने हे प्रश्न विचारा:

१. स्थानिक यजमान संस्था कोणती? तिथे माझ्यावर देखरेख करणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि पद काय?
२. मी नेमकं काय करणार, आणि काय करू दिलं जाणार नाही?
३. माझ्या फीमधला किती वाटा यजमान संस्थेला जातो?
४. प्लेसमेंटसाठी कोणता व्हिसा किंवा परमिट लागतो आणि त्याचं पत्र कोण देतं?
५. क्रेडिट मिळतात का, किती, आणि कोणत्या विद्यापीठाची?
६. सुई टोचली किंवा अपघात झाला तर पहिल्या तासात काय करायचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं. “इथे तुम्हाला टाके घालायला मिळतील, बाळंतपणं करायला मिळतील” असं कुणी आमिष दाखवत असेल, तर तिथे जाऊ नका. सोलापुरात जे करायची तुम्हाला परवानगी नाही, ते मलावीतल्या किंवा नेपाळमधल्या रुग्णावर करायची परवानगी विमानात बसल्याने मिळत नाही. चांगली संस्था मर्यादा आधी सांगते.

क्रेडिटचा हिशोबही समजून घ्या. युरोपात एक ईसीटीएस (तिथल्या विद्यापीठांची सामाईक क्रेडिट पद्धत) क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात वाचन आणि असाइनमेंटही आले. एका आठवड्यात दहा क्रेडिट देतो म्हणणारा कोर्स हिशोबातच बसत नाही.

सावधान: फी एखाद्या व्यक्तीच्या खात्यात मागितली, विद्यापीठाचं नाव आहे पण ईमेल मोफत सेवेवरचा आहे, किंवा अर्ज पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी “निवड झाली” असं पत्र आलं, तर थांबा. त्या विद्यापीठाच्या मूळ संकेतस्थळावर कोर्सचं पान शोधा आणि तिथल्या पत्त्यावर थेट विचारा.

## टप्पा ५: अर्ज, एसओपी आणि शिफारसपत्र

बऱ्याच कोर्सची मुदत डिसेंबर ते मार्चमध्ये संपते. काही जागा भरेपर्यंत चालू राहतात, पण शिष्यवृत्तीची तारीख नेहमी आधीची असते. दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा.

एसओपीत, म्हणजे हा कोर्स का करायचा हे सांगणाऱ्या निवेदनात, “लहानपणापासून मला लोकांची सेवा करायची आवड आहे” हे वाक्य कापा. पहिल्या परिच्छेदात एक जागा, एक प्रश्न आणि त्यात तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत ते यायला हवं. उदाहरणार्थ: “विडी कामगार वस्तीत पोस्टिंग असताना मी चाळीस बायकांशी बोलले. बहुतेकींना खोकला होता, पण तपासणीसाठी एक दिवस जाणं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणं. सेवा उपलब्ध असून माणसं ती का घेत नाहीत, हे मोजायची पद्धत मला शिकायची आहे.” याच्यापुढे त्या कोर्समधला नेमका कोणता घटक हे शिकवतो, ते लिहा. शेवटी परत येऊन सोलापुरात त्याचं काय करणार ते लिहा. आकडा आणि प्रसंग स्वतःचेच हवेत. उसनं उदाहरण मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडं पडतं.

भाषा ही आपली मोठी जमेची बाजू आहे, आणि ती कुणी लिहीतच नाही. घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत दख्खनी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी अशी मुलं सोलापुरात घरोघरी आहेत. दुभाष्यामार्फत मुलाखत घेताना अर्थ कुठे निसटतो, हे त्यांना अनुभवाने कळलेलं असतं. फील्डवर काम करणाऱ्या संस्थेला याचं मोल माहीत असतं. सीव्हीत वर लिहा.

शिफारसपत्र पदाने मोठ्या माणसाकडून घेण्यापेक्षा तुमचं काम पाहिलेल्या माणसाकडून घ्या. डीनच्या तीन ओळींच्या साच्यातल्या पत्रापेक्षा पीएसएमच्या असिस्टंट प्रोफेसरचं एक पानभर पत्र उपयोगी. सरांना किंवा मॅडमना किमान तीन आठवडे आधी सांगा. सोबत तुमचा सीव्ही, कोर्सचं पान आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली केलेल्या कामांची छोटी यादी द्या. बहुतेक विद्यापीठं शिक्षकांना थेट लिंक पाठवतात, तिला कॉलेजचा अधिकृत ईमेल लागतो. तो चालू आहे ना, हे आधीच विचारून घ्या.

इंग्रजीच्या परीक्षेची घाई करू नका. अनेक अल्पमुदतीच्या कोर्सना “शिक्षणाचं माध्यम इंग्रजी” असं कॉलेजचं पत्र पुरतं. आयईएलटीएस मागितलीच तर तिचा निकाल दोन वर्षं चालतो, तेव्हा पुढच्या अर्जांचाही विचार करून तारीख घ्या. तसंच अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर घेतलेला सरकारी शिक्का. कुणी मागितल्याशिवाय त्यावर एक रुपयाही खर्च करू नका. एजंट मात्र हाच खर्च सगळ्यात आधी करायला लावतात.

## टप्पा ६: पैसे

फी, राहणं आणि विमान एवढाच हिशोब मांडणारी मुलं फसतात. व्हिसा, विमा, लसी, पुणे-मुंबईच्या फेऱ्या, यजमान देशातला अंतर्गत प्रवास, परमिटची फी आणि किमान दोन आठवड्यांचा जादा खर्च यात धरा.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडी शिक्षणासाठी आहे, समर कोर्ससाठी नाही. तिच्या मागे महिने घालवू नका. अल्पमुदतीसाठी आधी त्या संस्थेचीच फीमाफी मागा. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना अनेक ठिकाणी सवलत असते, पण ती बहुधा मागितल्याशिवाय मिळत नाही.

फी बँकेतूनच पाठवा. पॅन आणि ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेतला अर्ज) लागतो. शिक्षणासाठी पाठवलेल्या पैशांवर एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) कापला जात नाही. म्हणून कारण “शिक्षण” असंच नोंदवलं जातंय का, ते काउंटरवर पाहून घ्या.

आता शेतकरी घरातल्या मुलांसाठी. सांगोल्याच्या डाळिंबाचे किंवा पंढरपूरच्या उसाचे पैसे वर्षातून एक-दोनदा एकदम खात्यात येतात. व्हिसा अधिकाऱ्याला ते दाखवण्यासाठी उसने आणून भरल्यासारखे वाटतात. त्यावर उपाय आहे: कारखान्याचं बिल, अडतीची पट्टी, सातबारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर जोडा. एका पानावर कोणती रक्कम कुठून आली, त्याचा तक्ता द्या. वडिलांचं आयकर विवरण नसेल तर शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, हे एका ओळीत लिहा. लपवलेली गोष्ट शंका वाढवते.

तपासा: परतावा. व्हिसा नाकारला तर फी परत मिळेल का, आणि कोणत्या तारखेपर्यंत? ही अट लेखी आल्याशिवाय पूर्ण रक्कम भरू नका.

## टप्पा ७: व्हिसा, आणि मगच तिकीट

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, अडलं तर पंचेचाळीस. जुलैच्या कोर्ससाठी एप्रिलमध्ये फाइल गेलेली असावी. मे-जूनमध्ये पर्यटकांची गर्दी असते आणि अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शेंगेन नियमांत व्हिसा फी माफ आहे, पण ती अनेकदा मागितल्यावरच मिळते. प्रवेशपत्र आणि बोनाफाईड दाखवून विचारा. व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार मात्र द्यावा लागतो.

ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा. टीबी तपासणीचा दाखला तिथे सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्यांना लागतो. समर कोर्ससाठी तो काढायला लावणाऱ्या एजंटला नकार द्या. अमेरिकेत क्रेडिट देणारा कोर्स पर्यटक व्हिसावर करता येत नाही. संस्थेकडून आय-२० किंवा डीएस-२०१९ (विद्यार्थी किंवा एक्स्चेंज व्हिसासाठी लागणारे फॉर्म) आल्यावरच पुढची पायरी.

फील्डच्या देशांत जास्त जपून चाला. केनियाला जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन ईटीए (प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी) आहे आणि ती पटकन मिळते, म्हणून मुलांना वाटतं काम झालं. तिथे माहिती गोळा करणं, मुलाखती घेणं हे संशोधन असेल, तर नाकोस्टीचा (संशोधनाला परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी आयोगाचा) परवाना वेगळा लागतो. नेपाळला आपल्याला व्हिसाच नाही, पण आरोग्य संशोधनाला नेपाळ आरोग्य संशोधन परिषदेची मान्यता लागतेच. यजमान संस्थेला थेट विचारा: “मी करणार असलेल्या कामासाठी कायद्याने काय काय लागतं?” उत्तर ईमेलवर घ्या.

सोलापूरकरांसाठी प्रवासाची बाब. हुतात्मा एक्स्प्रेस पुण्यात पोचेपर्यंत सकाळ बरीच वर आलेली असते, तेव्हा पुण्याची अपॉइंटमेंट दुपारची घ्या. मुंबईला जायचं तर सिद्धेश्वरने रात्री निघणं सोयीचं. बोटांचे ठसे द्यायचे असल्याने पहिल्यांदा स्वतःच जावं लागतं, एजंटला पाठवून भागत नाही.

सावधान: व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. अर्जासाठी आरक्षणाचा कागद पुरतो.

## टप्पा ८: लसी, औषधं, विमा

निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस ए, टायफॉइड, धनुर्वात आणि जागेनुसार रेबीज यांची उजळणी करा.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पिवळ्या तापाच्या देशांत जायचं तर ती लस सरकारने नेमलेल्या मोजक्या केंद्रांवरच मिळते. मुंबईत अशी केंद्रं आहेत. तारखा भरलेल्या असतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. ते नसताना त्या देशांतून भारतात परतलात, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

“आपल्याकडे डास काय कमी आहेत” असं म्हणून मलेरियाच्या गोळ्या टाळणारे पुष्कळ भेटतात. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेत फाल्सिपेरम या गंभीर प्रकारच्या मलेरियाचं प्रमाण फार मोठं आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. डॉक्टर सांगतील त्या गोळ्या निघण्याआधी सुरू करायच्या आणि परतल्यावर सांगितलेले दिवस पूर्ण करायच्या.

दवाखान्यात काम असेल तर सुई टोचल्यानंतरच्या एचआयव्ही प्रतिबंधक औषधांची सोय कुठे आहे, हे निघण्याआधी ठरवा. ती शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. यजमान गावात मिळत नसतील तर सुरुवातीचे डोस सोबत न्या. विम्यात उपचारांबरोबर रुग्णाला दुसऱ्या शहरात हलवण्याचा खर्च धरलाय का, ते पॉलिसीत वाचा. एजंटच्या तोंडी हमीवर राहू नका.

कपड्यांबद्दल एकच: नैरोबी उंचावर आहे, जुलैत तिथे स्वेटर लागतो.

## टप्पा ९: फील्डवर

पहिला आठवडा पाहण्यात घालवा. यजमान संस्थेचे लोक तिथे वर्षानुवर्षं काम करतायत. दुसऱ्या दिवशी “आमच्याकडे आशाताई हे असं करतात” म्हणून सूचना देऊ नका. विचारा, लिहून घ्या, आणि तुमचं मत कुणी मागितलं तर सांगा.

ग्लोबल हेल्थच्या प्रशिक्षणासाठी ‘वेट’ या नावाने ओळखली जाणारी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं २०१० साली प्रसिद्ध झाली. ती छोटी आहेत, निघण्याआधी वाचा. त्यांतला एक मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: विद्यार्थ्याला सांभाळण्याचा भार यजमानांवर पडतो, त्याचा मोबदला आणि त्याची कदर व्हायला हवी. एक नर्स तुम्हाला समजावून सांगायला वीस मिनिटं थांबते, तेव्हा बाहेरची रांग वीस मिनिटांनी वाढते.

रोजच्या कामात हे पाळा:

- तुमची ओळख “विद्यार्थी” अशीच करून द्या. पांढरा कोट पाहून लोक “डॉक्टर” म्हणतील. प्रत्येक वेळी दुरुस्त करा.
- जे काम सोलापुरात देखरेखीशिवाय करत नाही, ते तिथेही देखरेखीशिवाय करू नका. माणसं कमी आहेत म्हणून कुणी आग्रह केला तर “मला याचं प्रशिक्षण नाही” हे वाक्य स्थानिक भाषेत पाठ करून ठेवा.
- रुग्णाचा, मुलाचा किंवा त्यांच्या घराचा फोटो समाजमाध्यमावर टाकू नका. परवानगी घेतली असली तरी नको. दवाखान्यात खाटेवर असलेला माणूस नाही म्हणायला मोकळा नसतो.
- प्रश्नावली, रजिस्टरमधली नावं, आवाजाचं रेकॉर्डिंग यातलं काहीही नैतिकता समितीच्या मान्यतेशिवाय गोळा करू नका. यजमान देशाची मान्यता आणि आपल्या कॉलेजची मान्यता, दोन्ही लागू शकतात. “नुसता कॉलेजचा प्रोजेक्ट आहे” म्हणून सुटका होत नाही. पुढे पेपर लिहायची वेळ आली की मागच्या तारखेची मान्यता मिळत नाही.
- रोज संध्याकाळी अर्धा तास लिहा: आज काय पाहिलं, काय समजलं नाही, आणि सोलापुरातल्या उपकेंद्रात हेच काम कसं होतं. शेवटचा अहवाल या नोंदींवरच उभा राहतो.

तपासा: दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी देखरेख करणाऱ्यांबरोबर पंधरा मिनिटं बसा. “माझ्यामुळे तुमचं काम वाढतंय का? मी काय थांबवू, काय जास्त करू?” एवढंच विचारा. काम ठरल्यापेक्षा वेगळं दिलं जात असेल, किंवा असुरक्षित वाटत असेल, तर त्याच दिवशी कार्यक्रम समन्वयकांना ईमेल करा आणि त्याची प्रत सोलापुरातल्या तुमच्या गाइडना पाठवा.

मुलींच्या घरून रोज फोन येणार. येऊ दे. पण फील्डवर नेटवर्क नसलेले दिवस आधीच घरी सांगून ठेवा, आणि यजमान संस्थेच्या जबाबदार व्यक्तीचा नंबर आईवडिलांना द्या. फोन लागला नाही म्हणून घरच्यांनी सगळ्यांना हलवून सोडलं, असं व्हायला नको.

## टप्पा १०: परत आल्यावर

निघण्याआधी तिथेच प्रमाणपत्र, क्रेडिटची नोंद आणि तासांचा तपशील सही-शिक्क्यासह घ्या. इथे आल्यावर ईमेलवर मागत बसलं की महिने जातात. पहिल्या आठवड्यातच कॉलेजला हजर झाल्याचा अर्ज द्या, बुडालेल्या पोस्टिंगच्या तारखा ठरवून घ्या आणि अहवालाची एक प्रत यजमान संस्थेला पाठवा. त्यांच्या रजिस्टरमधून आलेले आकडे असतील, तर ते कुठेही मांडण्याआधी त्यांची संमती घ्या आणि ज्यांनी काम केलं त्यांची नावं लेखकांत असावीत का, हे त्यांच्याशी बोलून ठरवा.

मलेरियाच्या भागातून आला असाल तर पुढचे काही महिने कोणताही ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. डॉक्टरांना आधी प्रवासाचं ठिकाण आणि तारखा सांगा, मग लक्षणं. पावसाळ्यात सोलापुरात डेंग्यूचे पेशंट बरेच असतात. तुम्ही सांगितलं नाही, तर तुमचा तापही त्यातलाच समजला जाऊ शकतो.